इलेक्ट्रॉनच्या थिअऱ्या पुरे, आधी ट्रॉम्बेचा ट्रिटियम पुन्हा मोजा

लो एनर्जी न्यूक्लियर रिअॅक्शन म्हणजे पूर्वीचं कोल्ड फ्युजन, खोलीच्या तापमानालाच दोन हलकी अणुकेंद्रं जुळून ऊर्जा सुटते हा दावा, आणि या विषयात सध्या सगळ्यात जास्त पीक कशाचं येतंय तर इलेक्ट्रॉनच्या थिअऱ्यांचं. कुणी म्हणतं धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन जड होतो, कुणी म्हणतं तो अणुकेंद्राला चिकटून खोल कक्षेत जाऊन बसतो, कुणी म्हणतं दोन इलेक्ट्रॉन जोडी करून दोन केंद्रकांना जवळ आणतात, आणि कुणी तर इलेक्ट्रॉनची आतली रचनाच नव्याने मांडतं, तो बिंदू नाही कडं आहे वगैरे. मी हे सगळं बरीच वर्षं आवडीने वाचत आलोय आणि माझं मत हळूहळू पक्कं झालंय की या विषयाला आणखी एका थिअरीची अजिबात गरज नाही, गरज आहे ती एका नीट, उघड, कंटाळवाण्या मोजमापाची, आणि त्या मोजमापाची सुरुवात जिथल्या जुन्या कामापासून व्हायला हवी ती जागा म्हणजे आपल्या मुंबईत ट्रॉम्बेला असलेलं भाभा अणुसंशोधन केंद्र, जिथे १९८९ ला ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचं किरणोत्सारी भावंड, सापडल्याचा दावा झाला होता.

आधी थोडं मागे जाऊ. २३ मार्च १९८९ ला अमेरिकेत युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅनली पॉन्स यांनी पत्रकार परिषद घेतली. जड पाणी, त्यात पॅलेडियमची कॅथोड, वीज सोडायची, डय़ुटेरियम (जड पाण्यातला जड हायड्रोजन) पॅलेडियमच्या आत घुसतो, आणि मग घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर येते असा दावा. फ्लाइशमन हा काही ऐरागैरा नव्हता, इलेक्ट्रोकेमिस्ट्रीतला मोठा माणूस, रॉयल सोसायटीचा फेलो. पण पेपर नीट छापून यायच्या आधी पत्रकारांना बोलावलं, तपशील अर्धवट, जगभरच्या लॅब रातोरात कामाला लागल्या, आणि बहुतेकांना काहीच मिळालं नाही. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या समितीने सांगितलं की यासाठी वेगळा प्रोग्रॅम काढायची गरज नाही, आणि विषय बदनाम झाला तो झालाच.

बदनामीची कारणं मात्र खरी होती, ती नीट समजून घेतली पाहिजेत, कारण पुढच्या सगळ्या इलेक्ट्रॉन-थिअऱ्या त्याच अडचणींतून वाट काढायला जन्माला आल्यात. पहिली अडचण म्हणजे दोन डय़ुटेरियम केंद्रकं दोन्ही धन, एकमेकांना ढकलतात, मधे काही लाख इलेक्ट्रॉन व्होल्टची भिंत, आणि खोलीच्या तापमानाला त्यांच्याकडे असते एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या चाळिसाव्या भागाएवढी ऊर्जा. क्वांटम टनेलिंगने भिंतीतून जाता येतं हे खरं, पण १९८९ मध्येच कूनिन आणि नाउएनबर्ग यांनी गणित करून दाखवलं की साध्या डय़ुटेरियम रेणूत हे होण्याचा वेग सेकंदाला दशांश चिन्हापुढे ६३ शून्यं आणि मग ३ इतका आहे. दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. समजा भिंत ओलांडली, तरी दोन डय़ुटेरियम जुळल्यावर काय होतं हे प्रयोगशाळेत कित्येक दशकं मोजलेलं आहे, साधारण अर्ध्या वेळा हीलियम-३ आणि न्यूट्रॉन, अर्ध्या वेळा ट्रिटियम आणि प्रोटॉन, आणि कोटीत एखाद्या वेळी हीलियम-४ आणि सोबत २३.८ एमईव्हीचा (एक एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट) जबरदस्त गॅमा किरण. या हिशोबाने एक वॅट उष्णता हवी तर सेकंदाला दीड लाख कोटींच्या वर फ्युजन व्हायला लागतात आणि त्यातले अर्धे न्यूट्रॉन सोडतात, म्हणजे त्या टेबलाशी काम करणारा माणूस जगायला नको. फ्लाइशमन आणि पॉन्स जगले. मग एक तर उष्णता फ्युजनची नाही, किंवा फ्युजन ओळखीचं नाही. जॉन ह्युझिंगा, जे त्या अमेरिकन समितीचे सहअध्यक्ष होते, ते म्हणायचे की हे खरं मानायचं तर एक नाही, तीन चमत्कार मानावे लागतात, भिंत पडण्याचा, न्यूट्रॉन गायब होण्याचा आणि गॅमा गायब होण्याचा.

आता इलेक्ट्रॉन इथे का येतो ते कळेल. धातूमधे डय़ुटेरियमच्या भोवती दुसरं आहेच काय, इलेक्ट्रॉनच. भिंत कमी करायची तर तोच करणार, गॅमा गिळायचा तर तोच गिळणार. आणि यातला पहिला भाग नुसती कल्पना नाहीये. इलेक्ट्रॉनच्या जागी म्युऑन घाला, जो इलेक्ट्रॉनच्या २०७ पट जड असतो, आणि दोन केंद्रकं इतकी जवळ येतात की थंड हायड्रोजनमधे खरोखर फ्युजन होतं, फ्रँक आणि सखारोव्ह यांनी १९४० च्या दशकात हे सुचवलं, १९५६ ला लुइस अल्वारेझच्या गटाला बर्कलीत ते प्रत्यक्ष दिसलं. म्हणजे 'थंड' फ्युजन निसर्गाला मंजूर आहे, फक्त म्युऑन २.२ मायक्रोसेकंदांत मरतो आणि तो तयार करायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी परत मिळत नाही. शिवाय धातूमधे डय़ुटेरॉनचा मंद बीम मारला तर इलेक्ट्रॉनच्या झाकण्यामुळे भिंत गॅसपेक्षा जास्त खाली येते हेही युरोप आणि जपानमधल्या गटांनी मोजलंय, गॅसमधे साधारण २५ इलेक्ट्रॉन व्होल्टचा परिणाम, काही धातूंत तो काही शे इलेक्ट्रॉन व्होल्ट. हा आकडा थिअरीला पूर्ण समजावता येत नाही आणि यावर मन लावून काम व्हायला हवं असं मला अगदी मनापासून वाटतं. पण लक्षात घ्या, झाकण्याने फक्त वेग बदलतो, बाहेर काय पडतं ते नाही. न्यूट्रॉन आणि ट्रिटियम अर्धे अर्धेच पडणार. म्हणजे ह्युझिंगांच्या तीनपैकी एका चमत्काराला थोडा हातभार लागला, बाकीचे दोन होते तिथेच.

इलेक्ट्रॉनचा केंद्रकाशी काही संबंधच नसतो असं जे ठामपणे सांगतात त्यांचंही मला पटत नाही. बेरिलियम-७ हा केंद्रक स्वतःचाच इलेक्ट्रॉन गिळून बदलतो, अर्धआयुष्य ५३ दिवस, आणि तो कुठल्या पदार्थात ठेवलाय त्यावर हा वेग अगदी थोडा, एखाद्या टक्क्याच्या आसपास, बदलतो, कोलकात्याच्या व्हीईसीसी या अणुसंशोधन संस्थेतल्या लोकांनीही यावर चांगलं काम केलंय. ऱ्हेनियम-१८७ तर डोकं फिरवणारी गोष्ट आहे, साध्या अणूत त्याचं अर्धआयुष्य सुमारे ४,२०० कोटी वर्षं, पण त्याचे सगळे ७५ इलेक्ट्रॉन काढून टाकले तर ते ३३ वर्षांवर येतं, जर्मनीत डार्मश्टाटच्या जीएसआय प्रयोगशाळेमधे हे १९९० च्या दशकात मोजलं गेलं. शंभर कोटी पटीहून जास्त फरक, फक्त इलेक्ट्रॉनमुळे. पण या दोन्ही ठिकाणी ऊर्जेचा हिशोब पैपैचा जुळतो, ऱ्हेनियमच्या बदलात मुळात फक्त २.६ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रश्न असतो म्हणून इलेक्ट्रॉनची ढवळाढवळ तिथे चालते. जिथे लाखांचा व्यवहार आहे तिथे एक-दोन इलेक्ट्रॉन व्होल्टवाला इलेक्ट्रॉन काय करणार, हा प्रश्न प्रत्येक नव्या थिअरीला विचारलाच पाहिजे.

विडम-लार्सन थिअरीला विचारू. ही २००६ साली युरोपियन फिजिकल जर्नल सी मधे आली आणि आजही सगळ्यात जास्त हिचंच नाव घेतलं जातं, कारण ती चतुर आहे. ती म्हणते फ्युजन होतच नाही, भिंतीचा प्रश्नच नाही. धातूच्या पृष्ठभागावर सामूहिक कंपनांमुळे इलेक्ट्रॉन जड होतात, प्रोटॉन त्यांना गिळतो, न्यूट्रॉन तयार होतो, तो इतका मंद की तिथल्या तिथे दुसऱ्या केंद्रकात शिरतो. ऐकायला फार छान. पण इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनमधून न्यूट्रॉन बनवायला ०.७८ एमईव्ही लागतात, जवळजवळ आठ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट, एका इलेक्ट्रॉनला, एका वेळी. धातूतल्या हजारो-लाखो इलेक्ट्रॉनकडून थोडं थोडं गोळा करून एकाच्या पदरात टाकायचं हे कसं घडतं ते त्या गणितात मला कधीच पटण्यासारखं दिसलं नाही, आणि २०१२ मधे मायानी आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी हिशोब पुन्हा केला तेव्हा वेग मूळ दाव्यापेक्षा कितीतरी कमी निघाला. बरं, न्यूट्रॉन शिरला की गॅमा निघतो, तो का दिसत नाही, तर म्हणे तेच जड इलेक्ट्रॉन गॅमा गिळतात आणि उष्णता करतात. इथे मात्र मला ही थिअरी आवडते, कारण हे तपासता येतं! एक ओळखीचा गॅमा स्रोत घ्या, समोर चालू असलेला इलेक्ट्रोड ठेवा, मागे डिटेक्टर. इलेक्ट्रोड खरंच गॅमा गिळत असेल तर काउंट पडेल, नाही तर नाही पडणार. कॉलेजच्या न्यूक्लियर लॅबमधे जमेल असा हा प्रयोग आहे. वीस वर्षं होत आली, या थिअरीवर पानंच्या पानं लिहिणाऱ्या प्रत्येकाने आधी या एका ग्राफवर बोट ठेवून बोलायला हवं होतं.

दुसरी थिअरी खोल कक्षेची. हिच्यात आपल्याकडची माणसंही आहेत, बंगळुरूचे के. पी. सिन्हा आणि त्यांच्याबरोबर अँड्र्यू म्यूलनबर्ग, सिन्हांची इलेक्ट्रॉनच्या जोडीची लोचॉन कल्पना याच घराण्यातली. डिरॅकचं समीकरण, म्हणजे इलेक्ट्रॉनचं सापेक्षतेसकट क्वांटम समीकरण, हायड्रोजनला लावलं की दोन प्रकारची उत्तरं येतात, एक नेहमीचं, १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्टवालं, आणि दुसरं जे केंद्रापाशी अनंताला जातं म्हणून पुस्तकात टाकून देतात. १९९० च्या दशकात माली आणि वाव्रा यांनी विचारलं की केंद्रक बिंदू नाही, त्याला आकार आहे, मग अनंत कुठून येणार, आणि ते उत्तर ठेवलं तर इलेक्ट्रॉन पाच लाख इलेक्ट्रॉन व्होल्टने बांधला जातो आणि केंद्रकापासून काही फेमटोमीटरवर, म्हणजे केंद्रकाच्या आकाराएवढ्या अंतरावर, बसतो, अणू न्यूट्रॉनसारखा छोटा होतो, आणि मग भिंत कसली नि काय कसलं. प्रश्न विचारणं बरोबर होतं, उत्तर मला चूक वाटतं. केंद्रकाला खरा आकार दिला की आतलं आणि बाहेरचं उत्तर सीमेवर जुळवावं लागतं, आणि तिथे ती जादूची पातळी टिकत नाही. आणि त्याहून साधी गोष्ट, इलेक्ट्रॉनला दोन फेमटोमीटरमधे कोंडायचं तर अनिश्चिततेच्या नियमाने त्याचा संवेग १०० एमईव्हीच्या घरात जातो, त्याला तिथे धरून ठेवायला विद्युत आकर्षण पुरत नाही.

इलेक्ट्रॉनला केंद्रकात बसवायची ही अडचण नवी नाही, तिचा इतिहास सांगण्यासारखा आहे. १९३२ च्या आधी सगळे भौतिकशास्त्रज्ञ असंच मानत होते की केंद्रकात इलेक्ट्रॉन असतात, नायट्रोजनच्या केंद्रकात १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन वगैरे. मग १९२९ मधे राझेट्टीने नायट्रोजनचा रामन स्पेक्ट्रम घेतला, म्हणजे आपल्या सी. व्ही. रामन यांनी वर्षभर आधीच शोधलेला परिणाम वापरून, आणि त्यातून दिसलं की नायट्रोजनचं केंद्रक सम संख्येच्या कणांचं बनल्यासारखं वागतं, १४ आणि ७ मिळून २१ होतात, ते बसेना. १९३२ ला चॅडविकने न्यूट्रॉन शोधला, १९३४ ला फर्मीने दाखवलं की बीटा क्षयात बाहेर येणारा इलेक्ट्रॉन आत बसलेला नसतोच, तो त्या क्षणी जन्मतो. केंद्रकातला इलेक्ट्रॉन ही कल्पना कुणी दाबली नाही, तिला मोजमापाने बाहेर काढलं, आणि ते मोजमाप ज्यांनी केलं ते काही तिचे शत्रू नव्हते. आज खोल कक्षेच्या नावाने तीच कल्पना पुन्हा आत आणायची असेल तर १९२९ च्या त्या स्पेक्ट्रमच्या तोडीचं काहीतरी दाखवावं लागेल.

इलेक्ट्रॉनला कडं, भोवरा, आतली रचना देणाऱ्यांसाठीही हेच. इलेक्ट्रॉनचा चुंबकीय गुणधर्म बारा अंकांच्या पलीकडे मोजलाय आणि थिअरीशी जुळतो, हायड्रोजनची १एस-२एस वारंवारता (त्याच्या दोन ऊर्जा पातळ्यांमधली उडी) पंधरा अंकांपर्यंत मोजली गेलीय, हॉफस्टॅटरने १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मारूनच प्रोटॉनचा आकार मोजला, म्हणजे इलेक्ट्रॉन फेमटोमीटरच्या अंतरावर कसा वागतो हे आपण सत्तर वर्षं बघतोय. जवळच्या अंतरावर त्याला काही वेगळी खोड असती तर ती या आकड्यांत कुठेतरी दिसली असती. नवं मॉडेल मांडणाऱ्याने आधी हे बारा आणि पंधरा अंक आपल्या मॉडेलमधून काढून दाखवावेत, मग पॅलेडियमकडे वळावं. हे कठोर वाटेल पण याला पर्याय नाही.

मग विषयच बंद करायचा का? नाही, आणि इथे मला ट्रॉम्बेची गोष्ट सांगायचीय, जी मराठी वाचकांना माहीत असायला हवी आणि बहुतेकांना नसते. युटाच्या पत्रकार परिषदेनंतर महिनाभरातच भाभा अणुसंशोधन केंद्रात प्रयोग सुरू झाले. संचालक होते पी. के. अय्यंगार, १९७४ च्या पोखरण चाचणीतले महत्त्वाचे शास्त्रज्ञ, आणि न्यूट्रॉन फिजिक्सचे प्रमुख होते एम. श्रीनिवासन. दोघेही न्यूट्रॉन मोजण्यात आयुष्य घालवलेले. एक-दोन नाही, केंद्रातले डझनभर गट वेगवेगळ्या सेल घेऊन बसले, पॅलेडियम, टायटॅनियम, वीज वापरून, गॅस भरून. १९८९ संपायच्या आत त्यांनी बीएआरसी-१५०० नावाचा रिपोर्ट काढला. त्यात उष्णतेवर भर नाही, भर आहे ट्रिटियम आणि न्यूट्रॉनवर, आणि मुख्य निष्कर्ष असा की काही सेलमधे ट्रिटियम सापडला, न्यूट्रॉनपेक्षा जवळजवळ कोटी पटीने किंवा त्याहून जास्त. ओळखीच्या फ्युजनमधे हे प्रमाण एकास एक असतं. म्हणजे एक तर काहीतरी अपूर्व, नाही तर काहीतरी चुकलंय. पुढे १९९० ला अय्यंगार अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले, मग ते काम थंडावत गेलं आणि बंद पडलं. २०११ ला या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद चेन्नईत झाली, २०१५ ला बंगळुरूच्या करंट सायन्सने खास विभाग काढला, पण ट्रॉम्बेत ते काम पुन्हा तसं सुरू झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आता शंका घेणाऱ्यांची बाजू मी स्वतः मांडतो कारण ती वजनदार आहे. ट्रॉम्बेत अणुभट्ट्या आहेत, अणुभट्टीत फिरलेल्या जड पाण्यात ट्रिटियम असतोच, हवेत, भांड्यात, हातमोज्यात कुठूनही येऊ शकतो. शिवाय जड पाण्यात मुळातच थोडा ट्रिटियम असतो आणि वीज सोडून पाणी उडवत राहिलं की जड भाग मागे राहतो, म्हणजे काहीही न घडता ट्रिटियमचं प्रमाण वाढलेलं दिसतं. पण ट्रिटियमची एक फार मोठी सोय आहे. उष्णतेसारखं इथे वाद घालायला जागा कमी. जास्तीची उष्णता म्हणजे दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी, थर्मामीटर कुठे लावला, ढवळलं किती, पाणी किती उडालं, सगळ्यावर भांडण. ट्रिटियम मात्र बारा वर्षांहून थोड्या जास्त अर्धआयुष्याचा, स्वतःची सही घेऊन फिरणारा किरणोत्सारी पदार्थ, कुठल्याही पर्यावरण लॅबला मोजता येतो, आणि रासायनिक क्रियेतून तो बनूच शकत नाही. बंद सेलमधे आधी नव्हता आणि नंतर आहे, तर केंद्रकात काहीतरी झालं किंवा बाहेरून आला, तिसरा मार्ग नाही. थिअरी कुठलीही असो, याच्यासमोर तिला उभं राहावंच लागतं.

जगात इतरांनी हा नम्र रस्ता धरलाय आणि त्याचं फळ दिसतंय. गूगलने पैसे दिलेल्या गटांनी काही वर्षं काम करून २०१९ मधे नेचरमधे लिहिलं की कोल्ड फ्युजनचा पुरावा मिळाला नाही, पण पॅलेडियममधे हायड्रोजन किती भरतो हे मोजायची चांगली साधनं त्यातून तयार झाली. त्याच गटातल्या कर्टिस बर्लिंग्वेट यांच्या व्हँकुव्हरच्या लॅबने २०२५ ला दाखवलं की पॅलेडियमच्या लक्ष्यावर एका बाजूने डय़ुटेरॉन मारायचे आणि दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रोकेमिस्ट्रीने डय़ुटेरियम भरायचा, तर फ्युजनचा वेग साधारण १५ टक्क्यांनी वाढतो. फक्त १५ टक्के, न्यूट्रॉन मोजून, वीज बनवायच्या बाता न मारता. हे नेहमीचंच गरम फ्युजन आहे, चमत्कार शून्य, पण इलेक्ट्रोकेमिस्ट आणि न्यूक्लियरवाले एका टेबलावर आले हीच मोठी गोष्ट. ऊर्जा संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकेच्या एआरपीए-ई या सरकारी संस्थेने २०२३ ला आठ प्रोजेक्टना मिळून १ कोटी डॉलर दिले, तेही आधी हे खरं आहे की नाही ते ठरवा एवढ्यासाठी. उलट उदाहरणही आहे, २०११ ला बोलोन्यात आंद्रेआ रॉसी यांनी अशाच प्रकारे उष्णता देतं म्हणून ई-कॅट नावाचं यंत्र दाखवलं, कारखान्याची भाषा सुरू झाली, पाच वर्षांत प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं, २०१७ ला आपसांत मिटलं, आणि विज्ञानाच्या हाती काहीच लागलं नाही.

आपल्याकडे हे का जमू नये? जड पाणी तयार करणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत, एक कारखाना तर इथे रायगडात थळला आहे, म्हणजे ताजं, अणुभट्टी न पाहिलेलं जड पाणी आपल्या दारात आहे. ट्रिटियम मोजण्यात आपली माणसं तरबेज आहेत, प्रत्येक अणुवीज केंद्राच्या आसपास ते काम रोज चालतं. मी मोठा निधी मागत नाहीये, नवीन संस्था मागत नाहीये. १९८९ च्या प्रयोगवह्या आणि काउंटरच्या नोंदी स्कॅन करून सगळ्यांना खुल्या करा. मग अणुभट्ट्यांपासून लांब, एखाद्या आयसरमधे किंवा पुण्या-मुंबईच्या विद्यापीठात, बंद सेलचा एक संच लावा, अर्ध्या सेलमधे जड पाणी, अर्ध्यात साधं, कुठल्या सेलमधे काय आहे हे चालवणाऱ्याला माहीत नको, उडालेला वायू आतच परत पाणी व्हायला हवा म्हणजे ट्रिटियम दाट होण्याचा वाद मिटेल, आणि नमुने दोन वेगळ्या लॅबना नंबर टाकून पाठवा. किती ट्रिटियम दिसला तर 'आहे' म्हणायचं आणि किती दिसला तर 'नाही', हे सुरू करायच्या आधी लिहून जाहीर करा. विद्यार्थ्यांना या कामावर पीएचडी करू द्या आणि उत्तर 'काही नाही' आलं तरी ती मिळेल हे आधीच सांगा, कारण आज कुठलाच शहाणा गाइड आपल्या विद्यार्थ्याला या विषयाच्या जवळ फिरकू देत नाही आणि त्यामुळेच हे मैदान थिअऱ्यांना मोकळं मिळालंय.

ट्रिटियम आला नाही तर बीएआरसी-१५०० चा प्रश्न ३५ वर्षांनी का होईना सुटला असं म्हणता येईल, आणि अय्यंगार-श्रीनिवासन यांच्या कामात नेमकं काय शिरलं होतं ते शोधता येईल. आला, तर जड इलेक्ट्रॉनवाले, खोल कक्षेवाले, लोचॉनवाले, सगळ्यांना पहिल्यांदाच एक ठोस आकडा मिळेल, किती तासांत किती ट्रिटियम आणि त्याबरोबर किती न्यूट्रॉन, आणि तो आकडा कुणाच्या समीकरणातून निघतो ते बघायला मी सगळ्यात आधी येऊन बसेन.